साखर पेठेत हळू बोलत नाहीत

आमच्या बोळात कुणालाच हळू बोलता येत नाही.
वाटीभर मीठ मागायचं तरी
भांडण उकरल्यासारखं मागतात.
वहिनी लग्न होऊन आली पुण्याहून,
आठ दिवस रडत होती मोरीत बसून,
सगळं घर आपल्यावर चिडलंय म्हणून.
शेवटी आईनं तिला हाताला धरून नेलं
आणि चालू मागापाशी उभं केलं.
समजलं तिला.

पेठेच्या नावात साखर आहे.
साखर आम्ही पुडीतच पाहिली.
पोत्यानं पाहिलं ते सूत.

पणजोबा करीमनगरकडून चालत आले म्हणतात,
खांद्यावर फणी, कमरेला धोटा,
तोंडात नुसती तेलुगू.
घरमालक हळकुडे, ते कानडीतलेच.
भाडं ठरलं बोटांवर.
किराणा बागवानाकडं, तिथं 'क्या होना' आणि 'नक्को'.
मराठी मागाहून आली
माझ्या वडलांच्या दप्तरातून,
आणि घरातली सगळ्यात धाकटी म्हणून
तिचे जरा जास्तच लाड झाले.

भिंतीच्या अलीकडं चार माग, पलीकडं सहा.
पहाटे मिलचा भोंगा, मग आपला खडखट खडखट,
ताटातली शेंगाचटणीसुद्धा थरथरत एका कडेला सरकायची.
बोललेलं सगळं त्यात बुडायचं,
म्हणून आम्ही ओठ वाचायला शिकलो.
पोशम्मा येमूल उंबऱ्यात बसायची, मांडीवर सूप,
तेंदूच्या पानाला कात्री लावता लावता
समोरच्या तीन खिडक्या वाचून काढायची:
कुणाला दिवस गेलेत,
कुणाचा जावई भिवंडीला पळाला,
कुणी उसनवारी बुडवली.
शाळेची पायरी न चढलेली बाई.
गुपित सांगायचं झालं की आमच्यात
तोंड नाही, पाठ फिरवावी लागायची.

मग माग गेले.
एकदम नाही. आज दोन, दिवाळीनंतर तीन,
किलोच्या भावानं.
भोंगा त्याच्या कितीतरी आधी गेलेला.
नरसय्याचे शेवटचे दोन टेम्पोत चढले
त्या रात्री बोळात पहिल्यांदा शांतता झाली
आणि कुणाचाच डोळा लागेना.

तेव्हा ऐकू आलं
की सार्वजनिक नळ गळतो.
हळकुडेअण्णांना खोकला आहे,
किती वर्षांचा कोण जाणे.
भिंतीपलीकडं नरसय्या झोपेत
तेलुगूत धागे मोजतोय,
आणि सत्तरच्या पुढं गेला की चुकतोय.
आमच्या घरातलंही तिकडं गेलं असणार,
कारण सकाळी सगळे
एकमेकांकडं न बघता दात घासत होते.
दोन दिवस सगळ्यांनी कुजबुजून पाहिलं.
जमलं नाही.
तिसऱ्या दिवशी पोशम्मानं
पाण्याच्या बारीवरून पहिली हाक फोडली
आणि बोळाला हायसं वाटलं.

गेल्या मंगळवारी समाजमंदिरात
कानांचं शिबिर होतं, फुकट.
कोवळासा डॉक्टर, हातात यंत्र.
'आवाज आला की बोट वर करा, काका.'
नरसय्या कानावर ते काळं लावून बसला,
परीक्षेला बसल्यासारखा ताठ.
पाच मिनिटं. सात मिनिटं.
बोट मांडीवरच.
डॉक्टर नर्सकडं किंचित वाकला,
अगदी हळू, सभ्यपणानं म्हणाला,
'यांचं काही उरलेलं नाही.'

'आलं की ऐकू!'
नरसय्या असा ओरडला
की खुर्चीवरची फाईल खाली पडली.
आणि त्यानं बोट वर केलं,
धोट्यानं अर्धं नेलेलं.

दारातल्या रांगेतून पोशम्मा त्याला
काहीतरी म्हणाली, बिनआवाजाचं.
एवढा म्हातारा, पण लाजला.
काय म्हणाली विचारू नका.
मी नेमका तेव्हा
फाईल उचलायला वाकलो होतो.